थेंब भरला म्हणजे काय? पाच बाय आठ ठिपक्यांची उलटतपासणी



आजचा लेख एका वाक्यावर आहे. ते वाक्य माझ्याच प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्यात होतं: ‘वापरकर्त्याने उपकरणाच्या सूचनांचे पालन केले नाही.’

तुम्ही शोधनिबंध वाचायला लागला असाल, तर असं वाक्य तुमच्याही नजरेस पडलं असेल. निकाल अपेक्षेप्रमाणे आले नाहीत की ते हळूच कुठेतरी येतं. मीही ते तसंच लिहिलं. नंतर मला ते खोडावं लागलं, कारण ते खोटं होतं. चूक वापरकर्त्याची नव्हतीच. मी काढलेल्या एका चित्राची होती, आणि ते चित्र फक्त चाळीस ठिपक्यांचं होतं.

आधी गोष्ट सांगते, मग तांत्रिक भाग.

मी इलेक्ट्रॉनिक सायन्सची. जमिनीतला ओलावा मोजणारं एक स्वस्त यंत्र हा माझ्या कामाचा एक भाग आहे. कपॅसिटिव्ह सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर आणि तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा १६×२ एलसीडी. हे यंत्र सांगोल्याकडच्या एका डाळिंबाच्या बागेत खांबावर बसवलं. काही ओळी यंत्राच्या सांगण्यावरून भिजवायच्या, बाकीच्या नेहमीच्या पद्धतीने, आणि मग तुलना करायची असा बेत. आकड्याशेजारी मी पाण्याचा एक थेंब काढला होता. माती ओली असेल तर थेंब भरलेला, कोरडी असेल तर पोकळ. मला तो फार आवडला होता. कॉलेजात ज्याला दाखवला त्याने ‘भारी’ म्हटलं.

तीन आठवड्यांनी नोंदी उतरवून घेतल्या, तर सगळंच उलटं. ओलावा भरपूर असताना ठिबक चालू आणि माती कोरडी पडताना बंद. काही दिवसांनंतर तर काकांनी यंत्राकडे बघणंच सोडलेलं दिसलं. मी खर्ड्यात ते वाक्य लिहून मोकळी झाले. पुढच्या फेरीला बागेत गेले तेव्हा सहज विचारलं, तर काका म्हणाले, “ताई, थेंब भरला की पाणी सोडायचं, असंच ना? दोनदा सोडलं. तिसऱ्यांदा माती हातात घेतली तर नुसता चिखल. म्हटलं, यंत्र खुळं दिसतंय. मग आपल्या हिशेबानं चाललो.”

म्हणजे बघा. माझ्या लेखी थेंब मातीची अवस्था सांगत होता. त्यांच्या लेखी तो काय करायचं ते सांगत होता. त्यांनी सूचना तंतोतंत पाळली होती, आणि म्हणूनच पाणी चुकलं. फीडबॅकच्या भाषेत सांगायचं तर आमच्या लूपमधलं चिन्ह उलटं झालं होतं. ओलं आणखी ओलं होत होतं आणि कोरडं तसंच राहत होतं. डाळिंबाला असं कमीजास्त पाणी मिळालं की फळं तडकतात. बाग वाचली ती माझ्या सेन्सरमुळे नाही, काकांच्या हातामुळे. आणि मी त्याच माणसावर ‘पालन केले नाही’ असा ठपका ठेवणार होते.

म्हणून आज या छोट्या पडद्यांवरच्या खास अक्षरांची आणि चिन्हांची थोडी कडक तपासणी करू. सुरुवात अर्थातच माझ्यापासून.

पडदा आपल्याला काय देतो

या पडद्यांच्या मागे बहुतेक वेळा हिताचीचा एचडी४४७८० हा कंट्रोलर किंवा त्याची नक्कल असते. हा १९८० च्या दशकातला. त्यात तयार अक्षरांचा एक कायमचा साठा असतो, ती कॅरॅक्टर रॉम. शिवाय आपली अक्षरं ठेवायला ६४ बाइटची छोटी जागा असते, ती सीजीरॅम. पाच ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच अशी आठ अक्षरं तिथे मावतात. वीज गेली की ती पुसली जातात, म्हणून यंत्र सुरू होताना दर वेळी ती परत भरावी लागतात.

रॉमचा साठा सगळ्या मॉड्यूलवर सारखा नसतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. ए००  नावाच्या साठ्यात इंग्रजीबरोबर जपानी काताकाना अक्षरं आहेत. ए०२ मध्ये युरोपीय भाषांची आहेत. तापमान दाखवताना आपण सगळे २२३ हा कोड वापरून अंशाचं गोल चिन्ह आणतो ना? ए०० मध्ये ते अंशाचं चिन्ह नाहीच. जपानी अक्षरापुढे देऊन ‘हा’चा उच्चार ‘पा’ करणारं ते छोटं वर्तुळ आहे. आपण ते उसनं वापरतो. तोच प्रोग्रॅम ए०२ च्या मॉड्यूलवर चालवलात तर २२३ ला जर्मन भाषेतलं दुहेरी ‘स’चं अक्षर उमटतं. प्रबंधात ‘१६×२ एलसीडी वापरला’ एवढंच लिहिलं, तर तुमचा प्रयोग दुसरीकडे करणाऱ्याला वेगळाच पडदा दिसू शकतो. रॉम कोणती, हे लिहायला अर्धी ओळ लागते. ती लिहा.

पहिला आक्षेप: चिन्ह ओळखू येतं, पण अर्थ कळत नाही

माझा थेंब सगळ्यांना थेंब म्हणूनच दिसत होता. काकांनाही. म्हणजे आकारात खोट नव्हती. खोट अशी की ‘थेंब’ हे नाम आहे आणि मला पूर्ण वाक्य हवं होतं. ‘पाणी आहे’ की ‘पाणी द्या’, हे नुसत्या नामातून कळत नाही. चाळीस ठिपक्यांच्या जागी चार हजार ठिपके दिले असते, रंगीत पडदा लावला असता, तरी हा घोळ तसाच राहिला असता. ‘हल्ली ग्राफिक डिस्प्ले स्वस्त झालेत, मग हे जुनं कशाला?’ असं कोणी विचारलं तर माझं पहिलं उत्तर हेच आहे. पडदा बदलायची कारणं असतील तर जरूर बदला, पण न विचारलेला प्रश्न पडदा बदलून सुटत नाही.

दुसरं उदाहरण बॅटरीचं. हे चिन्ह जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतं:

□■■■□
■■■■■
■□□□■
■□□□■
■■■■■
■■■■■
■■■■■
■■■■■

वर टोपी, मध्ये पोकळीच्या पाच ओळी. म्हणजे शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या दाखवता येतात. आता तुमच्या प्रोग्रॅममध्ये या पायऱ्या कशा ठरतात ते बघा. बहुतेक जण लिथियम सेलचा व्होल्टेज मोजतात आणि ३.० ते ४.२ व्होल्टचे सारखे भाग पाडतात. पण या सेलचा व्होल्टेज सरळ रेषेत उतरत नाही. मधला बराच काळ तो जवळपास सपाट असतो आणि शेवटी झपकन कोसळतो. त्यामुळे चिन्ह बराच वेळ मधल्या पायऱ्यांवर रेंगाळतं आणि मग बघता बघता रिकामं होतं. चित्रात सारख्या उंचीच्या पायऱ्या काढल्यात, म्हणजे ‘प्रत्येक पायरीत सारखा चार्ज’ असा दावा तुम्ही केलात. तो तुमच्या मोजमापात बसत नाही. आलेखाच्या अक्षावर अशी गडबड केली तर गाईड लगेच पकडतात. पडद्यावर केली तर कोणी विचारत नाही.

‘चांगली’, ‘कमी’, ‘बदला’ एवढ्या तीनच पायऱ्या ठेवल्या असत्या, आणि त्यांच्या सीमा सेलच्या डिस्चार्ज आलेखावरून ठरवल्या असत्या, तर चिन्ह साधं दिसलं असतं पण खरं बोललं असतं.

दुसरा आक्षेप: पडद्यावरचं अक्षर लॅपटॉपवर तपासलं जातं

खास अक्षर काढायला आपण जाळी उघडतो, चौकोनांवर क्लिक करतो आणि तयार बाइट उचलतो. जाळीतले चौकोन मोठे, काळेभोर, एकमेकांना चिकटलेले असतात. खऱ्या पडद्यावर यातलं काहीच तसं नसतं. नेहमीच्या १६×२ मॉड्यूलवर एक अक्षर साधारण ३ मिलिमीटर रुंद आणि साडेपाच मिलिमीटर उंच असतं. ठिपका सुमारे ०.५५ बाय ०.६५ मिलिमीटरचा, म्हणजे उभट. जाळीत गोल काढलेला थेंब तिथे लांबट दिसतो.

आता जरा गणित करू. खांबावरचं यंत्र दीड मीटरवरून वाचायचं असेल, तर ०.५५ मिलिमीटरचा ठिपका डोळ्याशी जवळपास १.३ मिनिटांचा कोन करतो. नेत्रतपासणीत ६/६ म्हणतो त्या चांगल्या नजरेची मर्यादा १ मिनिट आहे. म्हणजे एका ठिपक्याचा फरक उत्तम नजरेलाही जेमतेम दिसतो, आणि चाळिशीचा चष्मा घरी विसरून आलेल्या माणसाला दिसतच नाही. त्यात उन्हाळा. पडदा तापला की कॉन्ट्रास्ट बदलतो आणि न उजळलेले ठिपकेही काळपट दिसू लागतात. प्रयोगशाळेत पंख्याखाली पोटेन्शिओमीटर फिरवून लावलेला कॉन्ट्रास्ट भर दुपारी बागेत टिकेलच असं नाही.

तिसरा आक्षेप: देवनागरीला ‘बसत नाही’ म्हणून सोडून देणं

थेंबाचा घोळ कळल्यावर मी ठरवलं, चित्र नको, शब्दच लिहायचे. आणि मराठीत. ओळखीतल्या बहुतेकांनी ‘आठ अक्षरांत मराठी कशी बसणार?’ म्हणून हात झटकले. हा आक्षेप निम्मा खरा आहे. खरा निम्मा आधी.

देवनागरीला तीन मजले लागतात: वर वेलांटी आणि मात्रा, मध्ये शिरोरेषेला लटकलेलं अक्षर, खाली उकार. आठ ओळींत दोन वरच्या मजल्याला दिल्या, एक शिरोरेषेला दिली, की अक्षराच्या अंगाला पाच उरतात. उकार असेल तर त्यातूनही दोन जातात. शिवाय दोन घरांच्या मध्ये फट असते, तिथे शिरोरेषा तुटते. ऱ्हस्व वेलांटीची कमान पुढच्या घरातल्या अक्षरावर यायला हवी, ती मध्येच फुटते. आणि काही जोड्या जवळपास एकच होऊन जातात. डावीकडे व, उजवीकडे ब:

■■■■■　■■■■■
□□□■□　□□□■□
□■■■□　□■■■□
■□□■□　■□■■□
□■■■□　□■■■□
□□□■□　□□□■□

फरक एका ठिपक्याचा. वर केलेलं गणित आठवा. प आणि ष, घ आणि ध यांचीही तीच गत.

आता खोटा निम्मा. कमी ठिपक्यांत लिपी बसवण्याचं काम जपानी लोकांनीही केलं, आणि तेही तडजोड करूनच. ए०० मधल्या काताकानाची मांडणी १९६९ सालच्या एका जपानी संकेतावरून आली आहे, ज्याला पुढे जेआयएस एक्स ०२०१ हे नाव मिळालं. त्यात उच्चार बदलणाऱ्या खुणा अक्षराच्या डोक्यावर न बसवता शेजारच्या स्वतंत्र घरात ठेवल्या. ‘का’चा ‘गा’ करायला दोन घरं लागतात. दिसायला ते विस्कळीत आहे, पण ठरलेलं आहे, त्यामुळे वाचता येतं. आपल्याकडे १९९१ चा आयएस १३१९४, म्हणजे इस्की, झाला. पण कोणत्या अक्षराचा कोणता कोड हे त्याने ठरवलं, पाच बाय आठमध्ये अक्षर कसं दिसावं हे नाही. त्यामुळे प्रत्येक विद्यार्थी आपापला ‘प’ नव्याने काढतो. तो काढलेला ‘प’ चांगला की वाईट यावर बोलायची सवयच आपल्याला लागलेली नाही.

वाईट वाटून घेऊ नका, काही अक्षरं तिथे छान बसतात. हा माझा ‘पा’, काना धरून एकाच घरात:

□□□□□
□□□□□
■■■■■
■□■□■
■□■□■
■■■□■
□□■□■
□□■□■

हा जमल्यावर मला शब्द वेगळ्या नजरेने दिसू लागले. अक्षर घडवण्याआधी शब्द निवडायचा असतो. ‘स्थिती’ हा शब्द या पडद्याचा शत्रू आहे: जोडाक्षर, ऱ्हस्व वेलांटी, सगळंच. ‘ओलावा’ मित्र आहे. ओ, ल, काना, व एवढ्या चार जागांत तो पूर्ण होतो, कारण काना दोनदा वापरता येतो.

मी दोन सूचना ठरवल्या: ‘पाणी सोडा’ आणि ‘पाणी पुरे’. दोन्ही क्रियेबद्दल बोलतात, अवस्थेबद्दल नाही. शब्द काकांचेच आहेत. आमच्या ‘सिंचन आवश्यक’पेक्षा ते लहानही आहेत. जागा मोजल्या: पा, ण, ी, स, ो, ड, ा, पु, रे. नऊ. जागा आठ. एका अक्षरासाठी मी दोन दिवस शब्द उलटेपालटे करत बसले. मग लक्षात आलं की मी हिशेबच चुकीचा मांडत होते. आठची मर्यादा पूर्ण प्रोग्रॅमला नाही, एका वेळी पडद्यावर दिसणाऱ्या अक्षरांना आहे. पहिल्या सूचनेला सात जागा लागतात, दुसरीला पाच, आणि दोन्ही एकदम कधीच दिसत नाहीत. ‘पाणी’ची तीन अक्षरं कायम ठेवायची आणि बाकीची गरजेप्रमाणे बदलायची. झालं.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक, पडद्याची स्मृती अक्षराचा कोड लक्षात ठेवते, चित्र नाही. जुना शब्द दिसत असताना नवी अक्षरं भरलीत तर पडद्यावरचा शब्द डोळ्यांदेखत बिघडतो. म्हणून आधी पुसा, मग भरा, मग लिहा. दोन, आर्डुइनोच्या लायब्ररीत क्रिएटकॅर वापरल्यावर पत्ता सीजीरॅममध्येच राहतो. त्यानंतर सेटकर्सर दिलं नाही तर पुढचं लिखाण पडद्यावर न जाता तुमच्या अक्षरांवरच जाऊन बसतं. आणखी एक छोटी युक्ती: शून्य क्रमांकाचं अक्षर स्ट्रिंगमध्ये घातलं की स्ट्रिंग तिथेच संपते. तेच अक्षर ८ या कोडनेही मिळतं, तो वापरा.

मग तपासायचं कसं

आरएसीच्या बैठकीत मला सेन्सरची अचूकता विचारली गेली, कॅलिब्रेशन विचारलं गेलं, तापमानाचा परिणाम विचारला गेला. सगळ्याची उत्तरं माझ्याकडे होती, दोन दशांश स्थळांपर्यंत. पडद्याबद्दल कोणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. खर्ड्यात ‘यूजर फ्रेंडली डिस्प्ले’ असं लिहून टाकलं होतं. कोणत्या यूजरला, किती अंतरावरून, कोणत्या उन्हात फ्रेंडली? याचं उत्तर नसेल तर तो शब्द लिहू नये, असं आता माझं स्पष्ट मत आहे. मोजमापाची साखळी सेन्सरपासून सुरू होते आणि वाचणाऱ्याच्या कृतीवर संपते. शेवटची कडी तपासली नाही तर आधीच्या दशांश स्थळांचा काय उपयोग?

मी आता काय करते ते सांगते. फार मोठं काही नाही.

एक, अक्षर काढल्यावर त्याच्या सर्वांत जवळच्या दिसणाऱ्या अक्षराशी ठिपक्यांचा फरक मोजते. तो एकच असेल तर अक्षर बदलते, नाहीतर शब्द.

दोन, पडदा खऱ्या उंचीवर लावून, खऱ्या अंतरावरून, दुपारी बारा वाजता बघते.

तीन, ज्याला वापरायचं आहे त्याला दाखवते आणि ‘हे काय आहे?’ असं विचारत नाही. ‘हे दिसलं तर तुम्ही काय कराल?’ असं विचारते. पहिल्या प्रश्नाला काकांनीही ‘थेंब’ असंच उत्तर दिलं असतं आणि मी खूश होऊन घरी आले असते. दुसरा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता तर हंगाम वाचला असता.

चार, उत्तर ऐकताना गप्प बसते. हे सगळ्यांत अवघड आहे.

माझे नवे शब्द निर्दोष आहेत असं समजू नका. ‘पु’चा उकार दोन ओळींत कोंबलेला आहे आणि लांबून तो नीट दिसत नाही. काका म्हणाले, “पहिलं अक्षर नाही लागलं, पण ‘सोडा’ नाही म्हणजे ‘पुरे’च असणार.” म्हणजे ते अक्षर नाही, शब्दाची लांबी आणि ठेवण वाचत होते. माझ्या डिझाइनचं यश म्हणून हे मी मिरवू शकत नाही. ते त्यांचं वाचन आहे. आणि दोन-चार माणसांना विचारणं म्हणजे अभ्यास नव्हे, हेही मला माहीत आहे. प्रबंधात मी ते तेवढंच लिहिणार आहे.

त्या बिघडलेल्या तीन आठवड्यांच्या नोंदी मी तुलनेतून काढल्या, पण प्रबंधातून नाही. आता त्यांच्यासमोर लिहिलं आहे: ‘या काळात पडद्यावरील चिन्हाचा अर्थ संदिग्ध असल्यामुळे सिंचन उलट क्रमाने झाले. दोष चिन्हाच्या रचनेचा.’ गाईडना दाखवलं तेव्हा त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाले, “व्हायवात यावर प्रश्न येईल हं.”

येऊ दे. या एका प्रश्नाचं उत्तर मला खरंच माहीत आहे.

तुमचा सिनॉप्सिस अजून व्हायचा असेल, तर एक काम करा. तुम्ही केलेल्या कोणत्याही यंत्राचा पडदा घरातल्या एखाद्या माणसासमोर धरा आणि तो तिसरा प्रश्न विचारा. उत्तर वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.